चोंगछ्यू : भादव्याची पुनव की कोजागिरी?

रानतुळस | ७ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११.४०

काल रात्री गच्चीवर दूध आटत होतं. पोरं भेंड्या लावून बसली होती आणि ढगांनी चंद्र असा झाकून टाकला होता की मोठी माणसं आकाशाऐवजी पातेल्याकडेच बघत होती. तेवढ्यात चीनमधल्या सूचौहून फोटो आला. आमच्या तिथल्या शेजारणीच्या मुलीने पाठवलेला. टेबलावर उकडलेल्या अळकुड्या, सोललेलं पपनस, चार युएबिंग (मूनकेक), त्यातलं एक कापून सहा तुकडे केलेलं. मागे खिडकीत चंद्र, तोही ढगातच. खाली एवढंच : तुमच्याकडे दिसला का?

आम्ही सात वर्षं सूचौला होतो. शांघायपासून वेगवान गाडीने अर्धा तास. नवऱ्याची नोकरी सुट्या भागांच्या कारखान्यात, माझं काम म्हणजे मुलाची शाळा आणि शेजारपाजार. त्या सात वर्षांत ‘चायनीज कोजागिरी’ हा शब्द मी स्वतः शंभर वेळा वापरला आहे, म्हणून आता तो खोडून काढायचा अधिकारही माझाच. सण दिसायला आपल्यासारखा आहे. आतून बराच वेगळा आहे.

नाव चोंगछ्यू. चोंग म्हणजे मधला, छ्यू म्हणजे शरद. त्यांच्या हिशेबात सातवा, आठवा, नववा हे शरदाचे तीन महिने. त्यातल्या मधल्या महिन्याचा मधला दिवस, म्हणजे आठव्या महिन्याची पंधरावी. इतकं सरळ.

मूळ मात्र सरळ नाही. चंद्राची पूजा फार जुनी, पण ती राजाची. वसंतात सूर्याला, शरदात चंद्राला. बीजिंगला १५३० मध्ये मिंग सम्राटाने त्यासाठी बांधून घेतलेली चंद्रवेदी अजून आहे. आता तिथे बाग आहे, म्हातारे पत्ते कुटत बसतात. सामान्य माणसाचा सण व्हायला थांग राजवटीचा काळ (सातवं ते दहावं शतक) उजाडावा लागला. कवी आणि अधिकारी मंडळींनी त्या रात्री दारू घेऊन चंद्र बघायची टूम काढली. मग सोंग काळात, म्हणजे दहाव्या शतकानंतर, तो रस्त्यावर आला. तेव्हाच्या राजधानीचं, खायफंगचं, वर्णन वाचायला मिळतं : श्रीमंतांनी माड्या सजवलेल्या, बाकीच्यांची पेयगृहांत वरच्या मजल्यावरची जागा पटकवायला झुंबड, नुकतेच बाजारात आलेले खेकडे, डाळिंबं, द्राक्षं, आणि रात्रीचा बाजार पहाटेपर्यंत चालू. यात देव कुठेच नाही बघा. मला हे वाचून जरा हायसं वाटलं होतं. सण म्हणजे आधी उपास आणि मग फराळ असल्या शिस्तीत वाढलेली मी.

सोंग काळातलाच सू शी नावाचा कवी. १०७६ साली या रात्री पहाटेपर्यंत पीत बसला आणि सात वर्षं न भेटलेल्या धाकट्या भावाच्या आठवणीत त्याने एक कविता लिहिली. आज चीनमध्ये शाळेत गेलेल्या कुणालाही ती पाठ असते. माझ्या मते या सणाचा सांधा तिथे बदलला. चंद्र बघणं हे निमित्त झालं. लांबचं माणूसही आत्ता तोच चंद्र बघतंय, हे मुख्य झालं. त्यांचा शब्द आहे तुआनयुआन. त्यात गोल असणं आणि घरच्यांनी एकत्र जमणं हे दोन्ही येतं. म्हणून चंद्र गोल, युएबिंग गोल, जेवणाचं टेबल गोल. कोजागिरीला लक्ष्मी विचारते, कोण जागं आहे. तिथे कुणी देवी विचारायला येत नाही. तिथे आई विचारते, कोण आलं नाही.

शेजारणीला आम्ही ‘आयी’ म्हणायचो. चिनीत मावशी-काकूच्या वयाच्या कुठल्याही बाईला आयी म्हणतात. माझा मुलगा तिला तीन वर्षांचा असल्यापासून आयी आणि मला आई म्हणायचा आणि हाक मारली की आम्ही दोघी वळायचो.

तिच्या घरी पूजा अशी नव्हतीच. ती लहान असताना तिची आजी अंगणात टेबल मांडून चंद्राकडे तोंड करून उदबत्त्या लावायची, फळं ठेवायची. पुरुषांनी चंद्राची पूजा करायची नाही आणि बायकांनी चुलीच्या देवाची करायची नाही अशी तिथे जुनी म्हणच आहे. चंद्र बायकांचा. सूचौच्या बायका त्या रात्री नटून बाहेर पडायच्या, याला ‘चंद्रावर चालणं’ म्हणत. मैत्रिणींकडे जायचं, पूल ओलांडायचे, निदान तीन तरी. एरवी उंबरठ्याच्या आत असणाऱ्या बायकांना ही एक रात्र मोकळी. आयी आणि मी पहिल्या वर्षी तसं मुद्दाम चाललो. तीन पूल झाले, चौथ्यावर तिचे गुडघे बोलायला लागले, मग रिक्षा.

खाण्याबद्दल लिहायला बसले तर धागा तिकडेच जाईल, म्हणून ते प्रतिसादांत. (जाईलच. मला ही जागा माहीत आहे.)

---

गोडघाशी | दुपारी १२.०५

वाचतोय. पण खाण्याचं प्रतिसादांत ढकलणं हा अन्याय आहे. युएबिंग म्हणजे ते सिंगापूरहून लोक आणतात ते तपकिरी, जड, वर नक्षी असलेलं? आम्ही एकदा खाल्लं. आत अंड्याचा खारवलेला बलक निघाला. आईने तो डबा धुऊन ठेवला, आत आता जिरं-मोहरी आहे.

---

सिंगापुरी_चहा | दुपारी १२.३०

@गोडघाशी, डबा ठेवणं हाच मुख्य विधी आहे. माझ्याकडे नऊ आहेत. एकात बटणं, एकात मुलांचे पडलेले दात.

इथे महिनाभर आधीपासून हॉटेलांत युएबिंगचे ठेले लागतात. चायनाटाउनमध्ये कंदिलांची रोषणाई असते. शाळेत मुलांकडून कागदी कंदील करून घेतात, मग संध्याकाळी इमारतीखाली सगळ्या जातिधर्मांची पोरं ते घेऊन फिरतात. माझ्या मुलीने तोच कंदील दिवाळीला आकाशकंदील म्हणून लावला. कुणाची हरकत नव्हती.

---

रानतुळस | दुपारी १.१५

@गोडघाशी, ते कँटोनी, दक्षिणेचं. कमळाच्या बियांचं गोड पुरण आणि मध्ये बदकाच्या अंड्याचा खारवलेला बलक. तो बलक म्हणजे चंद्र. गोडात खारट लागतं म्हणून आपली माणसं तोंड वाकडं करतात, पण तेवढ्यासाठीच तर ते घालतात. नुसतं पुरण तिसऱ्या घासाला मिठ्ठ होतं. वरचं आवरण साखरेच्या काकवीसारख्या पाकात आणि क्षाराच्या पाण्यात भिजवतात. भट्टीतून निघतं तेव्हा टणक असतं. दोन-तीन दिवस ठेवलं की पुरणातलं तेल बाहेर येऊन कवच मऊ आणि चकचकीत होतं. ‘तेल परतलं’ म्हणतात. ताजं खायचं नसतं असा हा पदार्थ.

सूचौचं अगदी उलट. तिथे चिरोट्यासारखा साटा असतो. पाण्यात भिजवलेल्या पिठाच्या पारीत तेलात मळलेल्या पिठाचा गोळा भरायचा, लाटायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायचा. पापुद्रे सुटतात. आत डुकराच्या मांसाचा खिमा. गरम खायचं, भट्टीवरून हातात. सणाच्या आधी दुकानांसमोर रांग लागते, दोन-दोन तास. मी शाकाहारी असल्याने माझी रांग फक्त आयीला सोबत म्हणून.

माझं आवडतं म्हणजे ‘वूरन’, पाच गरांचं : अक्रोड, बदाम, तीळ, कलिंगडाच्या बिया असलं सगळं. पंचखाद्यच. चीनमधली तरुण पोरं याला मनापासून शिव्या घालतात, त्यावर विनोदांचा पूरच आला होता मध्यंतरी. ऑफिसात कुणाला नको असलेले सगळे वूरन आमच्या घरी येत.

---

तिरफळ | दुपारी १.५०

शाकाहारी असून सात वर्षं सूचौत? दंडवत. पण तळाला चरबी नव्हती ना त्या पंचखाद्यात? हलके घ्या.

---

रानतुळस | दुपारी २.०२

@तिरफळ, असायची. पहिली दोन वर्षं माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षी वाचता यायला लागलं. शिकणं नेहमीच चांगलं असतं असं नाही.

---

इतिहासवेडा | दुपारी २.४०

छान लिहिलंय ताई. पण मूळ कथा राहिली! मंगोलांचं राज्य होतं तेव्हा युएबिंगमध्ये चिठ्ठ्या लपवून ‘पंधरावीच्या रात्री उठाव करा’ असा निरोप घरोघर पोचवला आणि त्यातून मिंग घराणं आलं. आपल्याकडे आग्र्याहून सुटकेत मिठाईचे पेटारे, तसंच. गोड पदार्थाच्या आडून राजकारण ही दोन्ही संस्कृतींची...

---

बोरूबहाद्दर | दुपारी ३.१०

@इतिहासवेडा, थांबा. पेटाऱ्यांची गोष्ट आणि ही गोष्ट एका तागडीत घालू नका. आग्र्याच्या प्रसंगाबद्दल त्याच काळातली पत्रं आहेत, १६६६ ची. वाद आहे तो पेटाऱ्यात बसले का वेष बदलून निघाले याचा, निसटले याचा नाही. युएबिंगच्या चिठ्ठ्यांचा त्या काळातल्या लिखाणात मागमूस नाही. १३६८ ला मिंग आले हे खरं, पण ते दीड-दोन दशकांच्या लढायांनंतर, एका रात्रीत नाही. गोष्ट रंगवून सांगायला उत्तम, त्यापुढे नाही.

युएबिंग एकमेकांना पाठवायची चाल आणि ती तुआनयुआनसाठी असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं ते सोळाव्या शतकातल्या हांगचौच्या वर्णनात. म्हणजे मिंग येऊन दोनशे वर्षं होत आली तेव्हा.

---

इतिहासवेडा | दुपारी ३.२५

मान्य. पण गोष्ट टिकली यालाही काही अर्थ असेल की. असो. मग ती चंद्रावर उडालेली बाई? तिचं तरी राहू द्या.

---

बोरूबहाद्दर | दुपारी ४.००

तिचं राहू देतो, कारण ती जुनी आहे. होउ यी धनुर्धर, आकाशात दहा सूर्य उगवले तेव्हा त्याने नऊ पाडले. पश्चिमेच्या राणीमातेकडून त्याने अमृत आणलं आणि त्याच्या बायकोने, छांग-अ हिने, ते प्यायलं आणि चंद्रावर गेली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ग्रंथात ही गोष्ट आहे, आणि तिथे स्वच्छ शब्दांत ‘चोरलं’ म्हटलंय. हान काळात तर तिचा चंद्रावर बेडूक झाला असंही सांगत. नवऱ्याच्या वाईट शिष्यापासून वाचवण्यासाठी तिने नाइलाजाने अमृत गिळलं, ही आज मुलांना सांगतात ती आवृत्ती नंतरची. दोन हजार वर्षांत चोर बाईची सती झाली.

गंमत म्हणजे तिचं मूळ नाव हंग-अ. हान सम्राट वनचं खाजगी नाव हंग होतं आणि राजाचं नाव उच्चारायचं नाही, म्हणून हंगची छांग झाली. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका आपल्याकडे होत्या, तिथे राजाचं नाव न घेणारी सगळी प्रजा.

---

निशाचर | संध्या. ५.३०

आणि ससा? आमच्याकडे पण चंद्रावर ससाच. शशांक, शशी. हे त्यांनी आपल्याकडून घेतलं ना बौद्ध धर्माबरोबर?

---

बोरूबहाद्दर | संध्या. ६.१५

@निशाचर, मलाही पूर्वी तसंच वाटायचं. जातकातला (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतला) ससा स्वतःला आगीत टाकून पाहुण्याला जेवण देतो आणि शक्र म्हणजे इंद्र त्याचं चित्र चंद्रावर काढतो. ह्युएनत्संग सातव्या शतकात वाराणसीला आला तेव्हा त्याने ही कथा आणि तिथला स्तूप दोन्ही नोंदवलं आहे. पण १९७२ मध्ये छांगशाजवळ मावांगत्वेला एका उमरावाच्या बायकोची कबर उघडली. इसवी सनापूर्वी १६८ च्या आसपासची. तिच्या शवपेटीवरच्या रेशमी पटावर चंद्रकोर आहे आणि तिच्यात बेडूक व ससा आहेत. चीनमध्ये बौद्ध धर्म पोचायच्या दोन-एकशे वर्षं आधी. तेव्हा ‘आपणच दिलं’ हे जपून.

चंद्रावरचे डाग मुळात सशासारखे दिसतात, तेवढं कारण पुरतं. तिथला ससा अमृताचं औषध कुटतो. जपानला जाऊन तोच ससा तांदळाची मोची कुटायला लागला. मुसळ तेच.

---

तिरफळ | संध्या. ६.२०

आमच्या आजीच्या चंद्रावर म्हातारी सूत कातायची. सशाला कुटायला, म्हातारीला कातायला. चंद्रावर सुट्टी नाहीच.

---

रानतुळस | संध्या. ७.००

@तिरफळ, तिसराही आहे. वू गांग. त्याला शिक्षा म्हणून चंद्रावरचं क्वैह्वाचं झाड तोडायला बसवलंय. घाव घातला की खोड पुन्हा सांधतं. कायम चालू.

त्या झाडाबद्दल लिहायचं राहूनच गेलं. क्वैह्वा हे सूचौचं शहरफूल. पारिजातक, मोगरा ज्या कुळातले त्याच कुळातलं. फूल तांदळाच्या कणीएवढं, पिवळं-केशरी. दिसतच नाही. सप्टेंबर अखेरीस एका सकाळी खिडकी उघडावी तर सगळं शहर जर्दाळूच्या मुरंब्यासारखं वासत असतं. झाडाखाली सडा पडतो, आयी जुनी चादर अंथरून गोळा करायची आणि साखरेत मुरवून ठेवायची. अळकुड्या त्या पाकात शिजवायच्या. मी अळकुडी गोड खाईन असं मला कुणी सांगितलं असतं तर...

आणि दोन गोष्टी उपासवाल्यांसाठी. सूचौभोवती तळीच तळी, तेव्हा या दिवसांत बाजारात शिंगाडे येतात. आणि ताजा मखाणा! आपल्याकडे लाही होऊन येतो तो नाही, ओला मोत्यासारखा दाणा. फळ कोंबडीच्या डोक्यासारखं दिसतं म्हणून नाव ‘कोंबडीच्या डोक्याचा तांदूळ’. बाया बोटांना धातूची नखं लावून एकेक दाणा सोलतात. उकळत्या पाण्यात मिनिटभर, साखर, वरून क्वैह्वा. संपलं. मी पहिल्यांदा वाटीत शिंगाडा आणि मखाणा एकत्र पाहिला तेव्हा आयीला म्हटलं, आमच्याकडे हे खाऊन लोक उपाशी राहतात. तिला ते वाक्य मी तीन वेळा वेगवेगळ्या चिनीत सांगितलं. नाहीच पटलं.

---

घटीपळे | रात्री ९.१०

धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर कुणी दिलंच नाही, म्हणून माझी पळी-पंचपात्री घेऊन आलो.

कोजागिरी आणि चोंगछ्यू काल एका रात्री आले. २०२४ ला मात्र चोंगछ्यू १७ सप्टेंबरला होता, म्हणजे आपली अनंत चतुर्दशी. २०२३ ला २९ सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा. असं का?

चिनी पंचांगाचा नियम असा की आठव्या महिन्यात शरद संपात, म्हणजे दिवस-रात्र सारखी होण्याचा दिवस, आलाच पाहिजे, साधारण २३ सप्टेंबर. आपल्या भाषेत सूर्याची सायन तूळ संक्रांत. आपला भाद्रपद ठरतो तो निरयन (ताऱ्यांवरून मोजलेल्या) कन्या संक्रांतीवरून, १७ सप्टेंबरच्या सुमारास, आणि आश्विन निरयन तुळेवरून, १७ ऑक्टोबरच्या सुमारास. आता अमावास्या कधी पडते ते बघा. ती १७ सप्टेंबरच्या आधी पडली तर पुढचा महिना दोघांच्या हिशेबाने भाद्रपद आणि आठवा. १७ ते २३ या सहा दिवसांत पडली तर त्यांचा आठवा आपला आश्विन होतो. महिना साडेएकोणतीस दिवसांचा आणि खिडकी सहा दिवसांची, तेव्हा साधारण पाच वर्षांतून एकदा. यंदा अमावास्या २२ सप्टेंबरच्या पहाटे संपली, आपली घटस्थापना आणि त्यांची आठव्याची पहिली तारीख एकाच दिवशी. २०१७ लाही असंच, फक्त एका दिवसाचा फरक : त्यांचा ४ ऑक्टोबर, आपला ५. २००६ ला तर तारीखही हीच होती, ६ ऑक्टोबर. एकोणीस वर्षांचं चक्र.

हा फरक अधिक महिन्यातून दिसतो. यंदा त्यांना अधिक सहावा आला, आपला अधिक श्रावण २०२३ लाच होऊन गेला.

दुसरं, त्यांची पहिली तारीख म्हणजे अमावास्या ज्या दिवशी घडते तोच दिवस. आपली प्रतिपदा त्यानंतर. म्हणून त्यांची पंधरावी कधी आपली चतुर्दशी असते, कधी पौर्णिमा. त्यांच्याकडे म्हणच आहे म्हणे, पंधरावीचा चंद्र सोळावीला गोल होतो.

ताईंनी सांगितलेली सम्राटाची चंद्रपूजा पंधरावीला नसून संपाताच्या संध्याकाळी असायची. म्हणजे राजाचा चंद्र सूर्याच्या तारखेवर आणि प्रजेचा चंद्राच्या. मला हे फार आवडलं.

---

वऱ्हाडी_ठेचा | रात्री ९.५५

घटीपळे काका, तुमचं अर्धं डोक्यावरून गेलं पण एक गोष्ट डोक्यात घुसली. म्हणजे हा सण भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत कुठंतरी बसते. बरोबर? अहो मंग ही तर आमची भुलाबाई झाली!

आमच्याकडे अकोल्याले भाद्रपद पौर्णिमेले भुलाबाई बसते अन् कोजागिरीले उठते. मातीची भुलाबाई, भुलोजी. महिनाभर पोरी घरोघरी गाणे म्हणतात, शेवटी खिरापत ओळखायची. ओळखली नाही तोवर डबा उघडत नाही. लग्न झालेल्या लेकी या दिवसांत माहेरी येत. पुरुषांचं काही कामच नाही त्यात. ताई म्हणाल्या ना, चंद्र बायकांचा, त्या रात्री बाया पूल ओलांडत फिरत, ते वाचून माही आजीच दिसली. ती पण तेवढा एक महिना रात्री घराबाहेर राहे.

---

रानतुळस | रात्री १०.२०

@वऱ्हाडी_ठेचा, अहो काय सांगता! मी नाशिककडची, आमच्याकडे भुलाबाई नाही, म्हणून सुचलंच नाही. सात वर्षं कोजागिरीशी ताळा लावत बसले आणि जवळची नातेवाईक वऱ्हाडात होती. फक्त माहेरपणाचा उलगडा वेगळा. सूचौकडे लग्न झालेली बाई त्या दिवशी माहेरी गेली तरी रात्रीच्या जेवणाला सासरी परत यायची, कारण तुआनयुआन सासरच्या टेबलावर मोजायचं. आयीचं लग्न झालं तेव्हाची ही गोष्ट. तिची मुलगी आता एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे करते.

@घटीपळे काका, शीर्षकाचं उत्तर मिळालं. आभार.

---

दर्यावर्दी | रात्री ११.३५

बोटीवर असताना दोनदा या सणात श्यामन बंदरात होतो (जुन्या कागदांत अमॉय). तिथला प्रकार कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. मोठ्या चिनी मातीच्या वाडग्यात सहा फासे टाकतात. त्या आवाजानेच गल्ली जागी असते. एकूण त्रेसष्ट बक्षिसं : मोठं एक, मग दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. मूळ बक्षिसं वेगवेगळ्या आकाराचे युएबिंग, आता साबण, टूथपेस्ट, तेलाच्या बाटल्या, काहीही. नावं जुन्या सरकारी परीक्षांच्या पदव्यांवरून. चार लाल चौके पडले की तुम्ही ‘च्वांगयुआन’, साऱ्या देशात पहिले. फासा वाडग्याबाहेर उडाला तर डाव गेला.

सांगतात की सतराव्या शतकात चंग छंगकुंग, ज्याला युरोपीय कॉक्सिंगा म्हणत, त्याच्या सैनिकांना घरची आठवण येऊ नये म्हणून हा खेळ काढला. खरं-खोटं बोरूबहाद्दर सांगतील.

एजंटने आमच्या डेकवर वाडगा आणला होता. आमचा रत्नागिरीचा मोतीराम (नाव बदललंय) च्वांगयुआन झाला. पुढे वर्षभर त्याला कुणी नावाने हाक मारली नाही.

---

बोरूबहाद्दर | रात्री ११.५०

@दर्यावर्दी, मी आज कुणाची आणखी गोष्ट मोडणार नाही. मोतीरामाचं अभिनंदन.

---

सिंगापुरी_चहा | ८ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

हाँगकाँगचाही एक उल्लेख हवा. ताय हांग नावाच्या वस्तीत १८८० पासून अग्निड्रॅगन नाचवतात. रोगाची साथ आली होती, ती घालवायला. ६७ मीटर लांब, गवताचा, अंगभर पेटत्या उदबत्त्या खोचलेल्या. अरुंद गल्ल्यांतून तो पळवत नेतात. मी एकदा गेले होते, दोन दिवस केसांना उदबत्तीचा वास. आणि हाँगकाँगला सुट्टी सणाच्या दुसऱ्या दिवशी असते, जागरणानंतर झोपायला. इतका शहाणा निर्णय मी कुठे पाहिला नाही.

---

तिरफळ | सकाळी ८.१५

सगळं गोड गोड चाललंय. त्या महागड्या डब्यांबद्दल बोला की. आमच्या कंपनीच्या शांघाय ऑफिसातून एकदा साहेबांना डबा आला होता, डबा म्हणजे ड्रॉवरवाली पेटी. आत सहा युएबिंग आणि चहाचे दोन कप.

---

रानतुळस | सकाळी ९.००

@तिरफळ, ते सगळं दिवाळीच्या सुकामेव्यासारखंच. युएबिंग खायला कमी, द्यायला जास्त. २०१३ मध्ये सरकारी पैशातून युएबिंग वाटण्यावर बंदी आली, कारण डब्यात युएबिंगखाली काय काय जायचं ते सगळ्यांना माहीत होतं. २०२२ पासून वेष्टनाचे तीन थर, त्याहून जास्त नाही, आणि सोबत दुसऱ्या वस्तू घालायच्या नाहीत असा नियम. तुमच्या साहेबांचे कप त्याआधीचे असणार.

त्यातली भारी गोष्ट म्हणजे कुपनं. कंपनी युएबिंगऐवजी कुपन देते. नवऱ्याला मिळायची. मेट्रोच्या तोंडाशी माणसं उभी असत, ‘कुपन विकताय?’ विचारत. यांना पिवळे बैल म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे तिकिटांचा काळाबाजार करणारे. तो कुपन तुमच्याकडून कमी दरात घेणार, बेकरीला थोड्या वाढीव दरात परत विकणार. बेकरीने कुपन विकलं, परत घेतलं, फरक खिशात टाकला. कंपनीने भेट दिली, नोकराला पैसे मिळाले, बैलाला दलाली मिळाली. सगळे खूष आणि एकही युएबिंग भाजलं गेलं नाही. नवरा हे दरवर्षी पाहुण्यांना सांगायचा, त्यामुळे मला पाठ आहे.

बाकी सरकारी बाजूने म्हणाल तर २००६ ला सरकारने सणाला वारसा यादीत घातलं आणि २००८ पासून सार्वजनिक सुट्टी मिळाली. त्याआधी आयीने तीसेक वर्षं गिरणीत पाळी करून, संध्याकाळी घरी येऊन तो साजरा केला.

---

निशाचर | सकाळी ९.४५

चिनी यानांची नावंही यावरूनच ना? छांग-अ यानं, यूथू म्हणजे जेड ससा ही गाडी. २०१९ च्या जानेवारीत यूथू-२ चंद्राच्या मागच्या बाजूला उतरली. तिकडून पृथ्वी दिसतच नाही. म्हणजे ससा खरोखर तिथे पोचला आणि नेमका आपल्याला दिसणार नाही अशा बाजूला.

---

गोडघाशी | सकाळी १०.३०

ताई, कालपासून एक प्रश्न आहे. फोटोत एक युएबिंग कापून सहा तुकडे केले होते म्हणालात. पूर्ण चार उरले होते का एक धरून चार? आणि इतकं बारीक का कापतात?

---

रानतुळस | सकाळी ११.०५

@गोडघाशी, एक धरून चार. आणि बारीक कापत नाहीत, मोजून कापतात. घरात जितकी माणसं तितके सारखे तुकडे. परगावी असलेल्याचाही धरायचा, जुन्या चालीने पोटातल्या बाळाचाही.

---

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी ११.२०

मंग त्या घरी सहा माणसं हायेत?

---

रानतुळस | सकाळी ११.४५

नाही. आयी, शुशू (म्हणजे काका), मुलगी. तीन.

मुलाने कालच मोजलं होतं. मी आत्ता मोजलं.

---

घटीपळे | दुपारी १२.१०

पुढच्या वर्षी चोंगछ्यू २५ सप्टेंबरला. आपली अनंत चतुर्दशी. अधिक ज्येष्ठ येतोय, त्यामुळे कोजागिरी थेट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. फोन करायचा तर मिरवणुकीच्या आवाजात करावा लागेल, तेवढं लक्षात ठेवा.